समुद्रांतील ओढता गळ

आपलें मासिक कृषीवलांचें. त्यांत मासेमारीचा विषय कशास, असें कोणी म्हणेल. परंतु कोंकणपट्टींतील कित्येक कुटुंबें पावसाळ्यांत भात लावतात व पुढें समुद्रावर जातात. महसूल खात्यांत अव्वल कारकून असतां मी कांहीं वर्षें देवगड तालुक्यांत होतों. तेथें एका वृद्ध तांडेलाच्या होडींत बसून जें पाहिलें व पुढें जें वाचलें, तें येथें देतों.

मुंबईच्या उपाहारगृहांत रावसास ‘इंडियन सालमन’ म्हणतात. खरा सालमन निराळ्या कुळांतला. तो उत्तरेच्या थंड समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यास नदींत परततो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चालत्या होडीमागें गळ ओढून त्यास धरतात. आपल्याकडे ही रीत लागू पडते ती सुरमईस. सालमनसाठीं होडी ताशीं चार-पांच किलोमीटर चालवितात, सुरमईसाठीं सुमारें नऊ. सुरमई तारली-बांगड्यांच्या थव्यामागें डोळ्यांच्या बळावर धावते. म्हणून गढूळ पाण्यांत हा खटाटोप व्यर्थ. पावसाळा सरून पाणी निवळलें म्हणजे खडपांच्या आसपास, पहांटेच्या वेळीं, गळ ओढावा.

आमिष दोन तऱ्हेचें. एक, माशाच्या मांसाची निमुळती पट्टी. दुसरें, चकचकीत धातूचा वांकविलेला चमचा. चमचा पाण्यांत जखमी माशाप्रमाणें डुलला पाहिजे. होडी फार वेगानें गेली तर तो नुसता गरगर फिरतो आणि मासा फसत नाहीं. यास्तव तांडेल प्रत्येक चमचा आधीं होडीच्या कडेस धरून त्याची चाल पाही, मगच तंगूस सोडी. तंगुसास पीळ पडूं नये म्हणून मध्यें फिरती कडी असते. दोन गळ सोडल्यास एक लांब, एक आंखूड ठेवावा व वळण मोठें घ्यावें, नाहींतर गुंता ठरलेला. वळणावर आणखी एक गोष्ट कळते : आंतल्या बाजूचा गळ मंदावून खोल जातो, बाहेरचा वेगानें वर येतो. मासा ज्यास लागेल त्यावरून त्या दिवशीं कोणती चाल त्यास रुचते तें समजावें.

आतां माझी फजिती. सुरमईसाठीं गळाच्या वर हात-दीड हात पोलादी तार लावितात. ती तार पाण्यांत दिसेल व मासा बिचकेल, असें माझें पुस्तकी मत. मीं हट्ट धरून एका गळाची तार काढविली. घटकाभरानें त्याच गळास जोराचा हिसका बसला, आणि लगेच तंगूस सैल पडला. ओढून पाहतों तों टोंक वस्तऱ्यानें कापल्यासारखें. तांडेल शांतपणें म्हणाला, “भाऊसाहेब, सुरमईस दांत असतात.” त्या दिवशीं दुसरा मासा लागला नाहीं, डिझेलचा खर्चहि निघाला नाहीं. मीं पैसे पुढें केले, ते त्यानें घेतले नाहींत. ती गोष्ट मला आजहि लागते.

कॅलिफोर्नियांत २०२० ते २०२२ च्या अवर्षणांत नद्यांचें पाणी घटलें व तापलें, सालमनचीं पिलें दगावलीं. पुढें २०२३ व २०२४ सालीं तेथील समुद्रांत सालमन धरणें सर्वस्वीं बंद ठेवावें लागलें. तेथेंहि नदीवर शेतकऱ्याचा हक्क आहेच. पाण्याच्या पाळीवरून होणारे तंटे आपल्या बागाईतदार वाचकांस निराळे सांगावयास नकोत.

सुरमईस नदी लागत नाहीं. ती समुद्रांतच अंडीं घालते. तिला भय आहे तें बारीक आसाच्या जाळ्यांचें, ज्यांत वीतभर पिलेंहि येतात. महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं ५४ जातींच्या माशांसाठीं किमान लांबी ठरविली, हें उत्तम झालें. परंतु जाळें वर येईपर्यंत पिलें बहुधा मेलेलीं असतात. मोजून काय उपयोग? मोठ्या गळास लहान मासा सहसा लागत नाहीं, आणि लागला तरी जिवंत सोडतां येतो. तांडेलाकडे एक लहान गळांची डबी होती. ती भाच्यानें शहरांतून आणलेली. त्यानें ती कधीं उघडली नाहीं.