मैफलीचे तिकीट : किंमत आणि मोल

मैफलीचे तिकीट महाग झाले, ही तक्रार पुण्यासारख्या संगीतप्रिय शहरात वारंवार ऐकू येते. ती खरी आहे. परंतु ‘महाग’ या एका शब्दात निरनिराळ्या कारणांची सरमिसळ झालेली असते. ती कारणे वेगळी केल्यावाचून अमुक दर वाजवी आहे की अवाजवी, याचा निर्णय करता येत नाही. प्रस्तुत लेखात या कारणांची फोड करून, श्रोत्याने दिलेल्या पैशाच्या मोबदल्यात त्याच्या पदरी काय पडते, याचा विचार करावयाचा आहे.

या विचारास सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीचे उदाहरण उपयुक्त ठरते. धायरीचा उर्वरित भाग २०१७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाला. गाव शहरात आले. पण शहरातील प्रमुख नाट्यगृहे आणि महोत्सवांची पटांगणे होती तेथेच राहिली. गावातील देवळात कीर्तन वा भजन असते तेव्हा तिकिटाचा प्रश्नच उद्भवत नाही. बुवांची बिदागी, मांडवाचा खर्च आणि प्रसाद यांचा भार गाव वर्गणीने उचलतो आणि ज्याने वर्गणी दिली नाही तोही पुढे बसून ऐकतो. तेव्हा संगीत फुकट मिळत होते, हा समज बरोबर नाही. ते कधीच फुकट नव्हते; खर्च कोण सोसतो, एवढाच फरक होता.

दरबारी गायकाचा खर्च संस्थानिक सोसत, खाजगी बैठकीचा यजमान सोसे. मैफल तिकिटावर सर्वांना खुली करणे हा या व्यवस्थेतील मोठा पालट होय. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी सौराष्ट्रात जाहीर मैफल करून राजवाडा व देऊळ यांच्या बाहेरचा श्रोता जोडला आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर नव्हे, तर लोकाश्रयावर. मात्र लोकाश्रय पुरेसा पडतोच असे नाही. पुढे कर्जापायी मुंबईतील विद्यालयाची इमारत त्यांना गमवावी लागली. सारांश, तिकीट हे मूलतः श्रोत्यास अडविण्याचे साधन नसून, जो आमंत्रित नाही त्यालाही आत येण्याचा हक्क देणारे साधन आहे. दर इतका वाढला की तो हक्कच नष्ट व्हावा, तर तिकिटाचा मूळ हेतूच बाजूस पडतो. प्रश्नाचे गांभीर्य येथे आहे.

दरवाढीचे पहिले कारण खर्च हे होय. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगजीवी कलांच्या अर्थव्यवहारावर लिहिलेल्या ग्रंथात या कारणाचे मूलगामी विवेचन केले. कारखान्यात यंत्रामुळे तेवढ्याच श्रमात अधिक माल निघतो, म्हणून वेतन वाढले तरी वस्तूची किंमत त्याच प्रमाणात वाढत नाही. मैफलीत ही सोय नाही. शंभर वर्षांपूर्वी विलंबित ख्याल विस्ताराने मांडावयास जो वेळ आणि जी माणसे लागत, तीच आजही लागतात. गायक, तबलजी, पेटीवादक आणि तंबोऱ्याची साथ यांपैकी कोणाचेही काम निम्म्या वेळात उरकता येत नाही. परंतु त्या सर्वांना आजच्या भावाने संसार चालवावयाचा असतो. म्हणून इतर वस्तूंच्या तुलनेने मैफल उत्तरोत्तर महाग होत जाणे, हा कोणाच्या लोभाचा परिणाम नसून कलेच्या स्वरूपाचाच परिणाम आहे.

दुसरे कारण दुर्मिळता हे होय आणि ते पहिल्याहून सर्वस्वी भिन्न आहे. येथे दर खर्चावर ठरत नाही. जागा थोड्या आणि मागणारे फार, यावर ठरतो. शेर्विन रोझेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, एकाच कलावंताची कीर्ती जेव्हा असंख्य लोकांपर्यंत पोहोचू शकते, तेव्हा गुणांतील अल्प फरकामुळेही मिळकतीत प्रचंड फरक पडतो. ध्वनिमुद्रणाने कीर्ती जगभर पसरते, पण प्रत्यक्ष दर्शनाच्या जागा मोजक्याच राहतात. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर तीन कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटे २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री सुरू होताच ती संपली आणि फेरविक्रीत लाखांच्या घरातील किमती सांगितल्या जाऊ लागल्या. या वरकड रकमेतून कलावंतास वा साथीदारास काहीही मिळत नाही. ती केवळ मध्यस्थाच्या खिशात जाते. काळाबाजाराविरुद्धची जनहित याचिका निकालात काढताना मुंबई उच्च न्यायालयाने हा विषय कायदेमंडळाच्या कक्षेतील असल्याचे मत दिले.

चढा दर प्रत्येक वेळी निंद्यच असतो, असे मात्र नाही. १९२१ च्या जुलै महिन्यात मुंबईस बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला, तेव्हा तिकिटांचे दर नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक होते आणि तरीही नाट्यगृह भरले. ते उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी होते. दोन अद्वितीय गायकनट एका रंगभूमीवर ऐकावयास मिळणे ही दुर्मिळता खरीच होती. पण तिचे मोल कोणाकडे जाणार, हे प्रेक्षकास ठाऊक होते. दुर्मिळतेचा मोबदला घेणे व तो कोठे जातो हे लपविणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

खर्च भागवूनही दार खुले ठेवण्याचा एक मार्ग पुण्यातच रूढ आहे. पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात खुर्चीचे तिकीट महाग, तर भारतीय बैठकीचे पुष्कळ स्वस्त असते. या पद्धतीमागील हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका मैफलीचा एकूण खर्च ३ लाख रुपये व जागा ६०० आहेत, असे मानू. सर्वांस समान दर लावल्यास प्रत्येकी ५०० रुपये पडतात. पण १०० खुर्च्या १,५०० रुपयांनी विकल्या, तर दीड लाख रुपये जमतात आणि उरलेल्या ५०० जागा ३०० रुपयांत देता येतात. शिवाय ५०० रुपयांपर्यंतच्या अशा प्रवेशशुल्कास वस्तू व सेवा कर लागत नाही. त्यावरील तिकिटास १८ टक्के लागतो. म्हणजे खुर्चीवाल्यास १,७७० रुपये पडतील, बैठकीवाल्यास मात्र ३०० च. येथे महाग तिकीट हे स्वस्त तिकिटाचे शत्रू नसून त्याचा आधार आहे. म्हणून केवळ सर्वांत वरचा दर पाहून मैफल महाग ठरविणे योग्य नव्हे; सर्वांत खालचा दर किती व त्या दराच्या जागा किती, हे पाहिले पाहिजे.

तिसरे कारण तिकिटावर छापलेले नसते. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रमणबागेत भरत असे. २०१८ पासून तो मुकुंदनगर येथे भरतो. धायरीहून तेथे जाण्यास सुमारे दहा किलोमीटरचा प्रवास पडतो. तेवढ्या अंतराचे रिक्षाचे जाण्यायेण्याचे भाडे तीनशे रुपयांच्या तिकिटाच्या बरोबरीने सहज जाते. त्यात सिंहगड रस्त्यावरील गर्दीत जाणारा वेळ आणि रात्री परत येण्याची चिंता यांची भर पडते. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे खुल्या पटांगणातील कार्यक्रम रात्री दहास, व विशेष सवलतीच्या दिवशी बारास, संपवावे लागतात. पूर्वीचा रात्रभर बसणारा श्रोता पहाटेच्या बसने घरी जाऊ शके. आजच्या श्रोत्यास मध्यरात्रीच वाहन शोधावे लागते. आयोजकाने तिकीट निम्म्याने उतरविले, तरी यांपैकी काहीच कमी होत नाही. दूरच्या उपनगरातील श्रोत्यास मैफल महाग पडते, ती पुष्कळ अंशी अंतरामुळे.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देणे शक्य होते. ध्वनिमुद्रण घरबसल्या जवळजवळ फुकट मिळत असता श्रोता मैफलीस जातो, तो केवळ स्वर ऐकण्यासाठी नव्हे. जागेवर दाद मिळताच गायकाच्या मनात उमलणारी नवी कल्पना, समेवर एकाच क्षणी हलणाऱ्या माना, साथीदारांची डोळ्यांनी होणारी बोलणी, या गोष्टी मुद्रणात पुरत्या उतरत नाहीत. तिकीट विकत घेते ते हे सान्निध्य. ज्या मैफलीत ते लाभते, तेथे खर्चाच्या प्रमाणातील दर, तो कितीही खटकला तरी, वाजवीच मानला पाहिजे. जेथे श्रोता कलावंतापासून इतका दूर असतो की त्यास पडद्यावरील प्रतिमाच पाहावी लागते, तेथे तो बव्हंशी दुर्मिळतेचे व समारंभात उपस्थित राहिल्याच्या समाधानाचे मोल देत असतो. ते द्यावे की न द्यावे हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा व आवडीचा प्रश्न आहे; परंतु त्यास संगीताची किंमत म्हणता येणार नाही.

राहता राहिला तो उद्याच्या श्रोत्याचा प्रश्न. रागसंगीताची गोडी एका मैफलीने लागत नाही. वारंवार ऐकून कान तयार व्हावा लागतो. धायरीतील एखाद्या विद्यार्थ्यास वर्षातून एकदाच जाणे परवडत असेल, तर तो कान तयार होणार नाही आणि वीस वर्षांनी खुर्चीचे महाग तिकीट घेणाराही उरणार नाही. म्हणून दूरच्या वस्त्यांत, शाळेच्या सभागृहात वा देवळाच्या सभामंडपात, लहान बैठका वर्गणीवर भरविणे हा केवळ परोपकार नव्हे. गावाने कीर्तनासाठी जी रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तीच येथे उपयोगी पडण्याजोगी आहे.