आजी पायी आली, आई मिलमध्ये गेली

वीकेंडला एम्प्रेस मॉलच्या पार्किंगमध्ये जागा शोधत तुम्ही कधी ना कधी गोल गोल फिरला असालच. सिनेमा, थोडी शॉपिंग, मग कॉफी. गांधीसागरजवळच्या या मॉलचं नाव मात्र कुठल्या परदेशी ब्रँडवरून आलेलं नाही बरं का. जमशेटजी टाटांची कापड गिरणी इथली. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली, त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव पडलं 'एम्प्रेस'. सव्वाशे वर्षं चाललेली ही मिल २००२ मध्ये बंद पडली आणि मग मॉल आला.

या मिलच्या भोंग्यावर नागपूरच्या अख्ख्या वस्त्यांची घड्याळं चालायची. त्यातलीच एक खलाशी लाइन. तिथली भागीरथी नावाची एक बाई एम्प्रेसच्या धागा खात्यात कामाला होती. नवरा त्याच मिलमध्ये मशीनला तेल घालायचा. या बाईबद्दल आज आपल्याला काही माहीत आहे, ते एकाच कारणाने. तिच्या मुलीने, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, एक पुस्तक छापलं. कौसल्या बैसंत्री यांचं 'दोहरा अभिशाप'. साल १९९९.

आई-आजीवरचं लेखन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? साने गुरुजी. त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये 'श्यामची आई' लिहिलं आणि मराठी आईचा एक साचाच तयार झाला. कोकणातलं घर, सोसणारी आई, रडणारा मुलगा. त्या पुस्तकाबद्दल तक्रार नाही, आपण सगळेच ते वाचून रडलोय. पण या साच्याने एक गडबड केली. कुणाचीही आजी गेली की आपण तेच तीन शब्द काढतो. कष्टाळू, मायाळू, सोशिक. पेपरातल्या छोट्या जाहिरातीत बसतात, व्हॉट्सअॅपवरही बसतात. आणि बाई गायब होते.

कौसल्याबाईंच्या पुस्तकात ती गायब होत नाही. कारण त्यांची आजी सोशिक नव्हतीच मुळी.

ही आजी लहानपणी विधवा झाली. मग तिचा पाट लावून दिला. नवरा पैसेवाला, सावकारी करणारा, घरात आधीची बायको. आणि मारहाण. इथपर्यंतची गोष्ट त्या काळातल्या हजारो बायकांची आहे. पुढचा भाग वेगळा. एका टप्प्यावर आजीने ठरवलं की बस्स. पोरं घेतली आणि घर सोडलं. सावकाराच्या घरची पोटभर भाकरी सोडून ती पायी नागपूरला आली. आली आणि मोलमजुरी करून पोरांना वाढवायला लागली.

आता जरा विचार करा. ना मोबाइल, ना बँक अकाउंट, ना हेल्पलाइन, ना घटस्फोटाचा कायदा. माहेरी परत गेली तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न आजही आपल्या मैत्रिणींना झोपू देत नाही. इथे तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली, अक्षरओळख नसलेली बाई. 'मुलांसाठी राहिली' हे वाक्य आपण त्यागाचं सर्टिफिकेट म्हणून वापरतो. ही बाई मुलांना घेऊन निघाली. मला विचाराल तर हीसुद्धा मायाच, पहिल्या नंबरची.

फीचा प्रश्न

या आजीची मुलगी म्हणजे भागीरथी. तिच्या घरात एकामागून एक मुलीच जन्मत गेल्या, आणि वस्तीत टोमणे मारायला लोक तयारच. मिलच्या पगारात भागेना, म्हणून ती बांगड्या, कुंकू, शिकेकाई असं सामान घेऊन विकायलाही फिरायची. आजच्या भाषेत जॉब प्लस साइड बिझनेस. फक्त घरी आल्यावर स्विगी नव्हतं.

तिच्या आयुष्याला वळण दिलं ते दोघांनी. एक डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कस्तुरचंद पार्कवर, जिथे आता आपण मेट्रोतून उतरतो, तिथे नवरा-बायकोने त्यांचं भाषण ऐकलं. मुलांसारखंच मुलींनाही शिकवा, हे त्यातून या बाईने उचललं ते कायमचं. दुसऱ्या जाईबाई चौधरी. नागपूरकरांना हे नाव शाळेत शिकवायला हवं होतं. उमरेडला जन्मलेल्या, दुष्काळात घरच्यांबरोबर नागपूरला आलेल्या, स्टेशनवर हमाली केलेल्या जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा काढली. त्या वस्त्यांमध्ये जायच्या आणि आयांना सांगायच्या, पोरी शाळेत पाठवा. भागीरथीबाईंनी पाठवल्या.

पुढच्या शिक्षणासाठी कौसल्याला सीताबर्डीच्या भिडे कन्याशाळेत घातलं. बर्डी म्हणजे तेव्हाही मोठ्या लोकांचं नागपूर. तिथली फी मिल कामगाराला कुठून परवडणार? मग आई शाळेत गेली. फी माफ करा म्हणून तिने मुख्याध्यापिकाबाईंपुढे डोकं टेकवलं. पण पायांवर नाही. आपण अस्पृश्य, आपला स्पर्श त्यांना चालणार नाही, म्हणून लांबूनच, जमिनीवर. मुलगी बाजूला उभी राहून बघत होती. फी माफ झाली.

पुस्तकातला हा प्रसंग अगदी थोडक्यात येतो, आणि आपण वाचताना तिथेच अडकतो. दिवसभर मिलमध्ये उभं राहून काम करणारी, स्वतःच्या कमाईची बाई, आणि तिला मुलीच्या शाळेसाठी मान कुठपर्यंत खाली न्यायची याचं अंतरसुद्धा मोजून ठेवावं लागतं. 'आईने आमच्यासाठी खूप केलं' असं म्हणून हा प्रसंग सांगता येत नाही. कुणापुढे, कुठे, किती लांबून, हे सांगावं लागतं. कौसल्याबाईंनी ते सांगितलं.

मुलगी सायकलवरून शाळेत जायला लागली तेव्हा रस्त्यावरच्या सवर्ण पोरांनी तिची जात आणि बापाची गरिबी काढून टिंगल केली. तीही पुस्तकात आहे. सायकल थांबली नाही.

एकटीच नव्हती

ही एका घरापुरती गोष्ट असती तर मी इथेच थांबलो असतो. पण २० जुलै १९४२ ला नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. जाईबाईही होत्या. बाबासाहेबांनी नोंदवलेला आकडा वीस-पंचवीस हजार बायकांचा आहे. हो, हजार. इव्हेंट मॅनेजमेंट कंपनीशिवाय.

त्यांचे ठराव वाचून बघा. घटस्फोटाचा हक्क द्या. एकीपेक्षा जास्त बायका करण्याची पद्धत कायद्याने बंद करा. मिलमध्ये बायकांवर देखरेख करायला बाईच नेमा. कामगार बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा द्या, कामावर इजा झाली तर भरपाई द्या, २० वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन द्या. आपल्या एचआर पॉलिसीच्या पीडीएफमध्ये या गोष्टी आता एका क्लिकवर दिसतात. मागितल्या कुणी? एम्प्रेस आणि मॉडेल मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या बायकांनी. आजीच्या नवऱ्याला आधीची बायको होती, आणि घटस्फोट म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या नातीच्या वयाच्या पोरी आता त्याच दोन गोष्टींवर भर मांडवात हात वर करत होत्या. कौसल्या तेव्हा ऐन किशोरवयात होती.

नंतर लग्न होऊन ती दिल्लीला गेली. नवरा शिकलेला, स्वातंत्र्यसैनिक. बाहेरून बघणाऱ्याला सगळं सुखाचं. आतली गोष्ट तिने लिहिली आहे, आणि ती सुखाची नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर ती वेगळी झाली आणि पोटगीसाठी कोर्टात गेली. इथे वाचणाऱ्याला आजी आठवतेच. मधल्या काळात शाळा झाली, कॉलेज झालं, राज्यघटना झाली. आणि नातीला निघायला आजीपेक्षा जास्त वर्षं लागली! हे कोडं पुस्तक सोडवत नाही. मलाही सुटलेलं नाही. शिकलेल्या घराची अब्रू हे अनपढ घराच्या गरिबीपेक्षा मजबूत कुलूप असतं की काय, असं वाटून जातं.

'दोहरा अभिशाप' म्हणजे दुहेरी शाप. एक जातीचा, दुसरा बाईपणाचा. उर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३) मध्येही अशीच एक आई आहे, बांबूच्या टोपल्या विणून पोरांना वाढवणारी. पण ते पुस्तक मराठीत असल्यामुळे आपल्यापर्यंत लवकर पोचलं. कौसल्याबाईंनी आपलं पुस्तक हिंदीत लिहिलं. मातृभाषा मराठी असूनही. कारण साधं होतं, हिंदीत दलित बायकांनी स्वतःबद्दल लिहिलेलं जवळपास काहीच नव्हतं. मुलगा, भाऊ, नवरा सगळे आपल्यावर रागावतील याची कल्पना त्यांना होती. तसं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलंय, आणि मग पुढे लिहिलंय.

कौसल्याबाई २०११ मध्ये गेल्या. पुस्तक छोटं आहे, एका रविवारी वाचून होतं, आणि हिंदीचं म्हणाल तर आपण नागपूरकर तसेही अर्धे हिंदीतच भांडतो. त्या हिंदीत मधूनच आपलं घर डोकावतं. एवढी वर्षं दिल्लीत काढूनही पुस्तकभर आजी ही आजीच राहते, तिची ना दादी होते, ना नानी.