संगणकांतील भिंत आणि आपली खोली

पुण्याच्या पेठांतील जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत व त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हा प्रसंग आला असेल. भावाभावांचा हिस्सा आतां खणांत नव्हे, चौरस फुटांत ठरतो, आणि ते चौरस फूट संगणक मोजतो. म्हणून संगणकावर भिंत कशी काढतात, हें घरांतील सर्वांनींच समजून घेणें अगत्याचें आहे.

कागदावरची भिंत म्हणजे दोन रेघा. इ. स. २००० मध्यें निघालेल्या 'रेव्हिट'सारख्या आज्ञावलींत मात्र तिला जाडी, उंची, विटा व गिलावा यांचे थर असतात. ती काढतांना एक संदर्भ-रेषा धरावी लागते: भिंतीचा मध्य, आंतली कड किंवा बाहेरची कड. गोम येथेंच आहे. समजा, आंतून १० फूट रुंद व १२ फूट लांब खोली हवी आहे आणि भिंती ९ इंची आहेत. आरेखकानें तीं मापें मध्यरेषेवर धरलीं, तर प्रत्येक दिशेस ९ इंच कमी होतात व १२० चौरस फुटांची खोली सुमारें १०४ वर येते. एका देवघराची जागा भिंतींनीं गिळली!

दुसरा दोष फटीचा. जुन्या वाड्याच्या भिंती क्वचितच काटकोनांत असतात. तसल्या मोजणीवरून काढलेल्या दोन भिंतींचीं टोकें कोपऱ्यांत जुळत नाहींत. मग खोली बंदिस्त ठरत नाहीं. तिचें क्षेत्रफळ मिळत नाहीं, किंवा शेजारच्या खोलीचें त्यांत मिसळतें.

अशा वेळीं नुसती रेघ ओढून फट झांकूं नये. दोन्ही भिंती एकमेकींस मिळेपर्यंत वाढवाव्या, जास्तीचा भाग छाटावा आणि मग सांधा जोडावा. भिंतीचा माथाही ठराविक आकड्यावर न सोडतां वरच्या मजल्याशीं बांधावा. म्हणजे मजल्याची उंची बदलली तरी मध्यें पोकळी राहत नाहीं.

२०१६ च्या 'रेरा' कायद्यान्वयें कार्पेट एरियांत आंतील विभाजक भिंतींची जागा धरली जाते, बाहेरील भिंतींची नाहीं. तेव्हां करारावर सही करण्यापूर्वीं सर्व भावांनीं एकत्र बसून वास्तुविशारदास तीन प्रश्न विचारावे, इतकेंच आमचें सांगणें आहे: माप कोणत्या कडेचें? कोपरे मिटले आहेत काय? बाहेरची भिंत कोणती धरली? यांत अविश्वास मुळींच नाहीं. पुढें उभी राहिलेली भिंत मागें सरकवितां येत नाहीं. नकाशांतली मात्र घटकाभरांत सरकते.