वारा सर्वांचा, जमीन कोणाची?

कोळसा आणि तेल जाळल्याने पृथ्वीचे तापमान वाढत आहे. म्हणून वारा, सूर्यप्रकाश व पाणी यांपासून वीज निर्माण केली पाहिजे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. औद्योगिक क्रांतीचा पाठ शिकवताना आम्हीही हेच सांगतो. परंतु पवनचक्की अधांतरी उभी राहत नाही. तिला जमीन लागते. ती जमीन पिढ्यानपिढ्या एखाद्या आदिवासी समाजाच्या उपजीविकेचा आधार असेल, तर काय करावे? नॉर्वेतील फोसेन प्रकरण या प्रश्नाचा विचार करण्यास फार उपयोगी आहे.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व रशिया या देशांच्या उत्तरेकडील प्रदेशांत सामी आदिवासी राहतात. रेनडिअरचे कळप पाळणे हा त्यांच्यातील अनेकांचा परंपरागत व्यवसाय. मध्य नॉर्वेतील फोसेन द्वीपकल्पावर दक्षिण सामी पशुपालकांचे दोन गट आहेत. हिवाळ्यात रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून खालचे दगडफुलाच्या जातीचे खाद्य खातात. उंच, उघड्या माथ्यांवरचा बर्फ वारा उडवून नेतो, म्हणून तेथे हे खाद्य सहज हाती लागते. पवनचक्क्यांनाही नेमके तेच माथे हवे असतात. संघर्षाचे मूळ येथे आहे.

२०१० मध्ये स्टोरहेया व रोआन या प्रकल्पांना परवाने मिळाले. सामींचा विरोध चालू असतानाच काम सुरू झाले. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभावविरोधी समितीने काम थांबवण्याची विनंती केली. ती मानली गेली नाही. दोन्ही मिळून १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने हे परवाने अवैध ठरवले. आधार होता नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २७चा. हे कलम अल्पसंख्याकांना आपली संस्कृती जगण्याचा हक्क देते. रेनडिअरपालन हा केवळ धंदा नसून संस्कृती आहे, हे न्यायालयाने मान्य केले. कळप हिवाळ्यात कुंपणात ठेवून त्यांना विकतचा चारा घालावा व त्याची भरपाई द्यावी, हा खालच्या न्यायालयाचा तोडगा त्याने स्वीकारला नाही. हरित ऊर्जेचे महत्त्वही त्याने नाकारले नाही. मात्र हा हक्क समाजाच्या सर्वसाधारण लाभाशी तराजूत तोलता येत नाही, आणि सामींची कमी हानी करणाऱ्या जागी वीज निर्माण करता आली असती, असे त्याने स्पष्ट केले.

तरीही पाती फिरतच राहिली. निकालाला पाचशे दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुणांनी ओस्लोतील ऊर्जा मंत्रालयात ठिय्या दिला. त्यानंतर सरकारने माफी मागितली. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिणेकडील व मार्च २०२४ मध्ये उत्तरेकडील गटाशी तडजोड झाली. दक्षिणेकडील गटाला वार्षिक रक्कम, वाढीव हिवाळी चराई क्षेत्र आणि परवान्याच्या मुदतवाढीबाबत नकाराधिकार मिळाला. पवनचक्क्या मात्र जागच्या जागी आहेत. खटला जिंकूनही डोंगरमाथा परत मिळाला नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात काही नवे वाटणार नाही. १९७९ ते १९८१ या काळात आल्टा नदीवरील जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध सामींनी उपोषणे व सत्याग्रह केले. धरण झाले, पण त्याच लढ्यामुळे १९८९ मध्ये सामी संसद स्थापन झाली. त्याआधी अनेक दशके सामी मुलांना निवासी शाळांत ठेवून त्यांची भाषा मोडण्याचे धोरण राबवले गेले. नॉर्वेच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. दक्षिण सामी भाषा बोलणारे आज फार थोडे आहेत, आणि कळपांभोवतीचे जीवन हा त्या भाषेचा मोठा आधार आहे. निवासी शाळेत घडलेल्या आपल्या सर्वांना यातील वेदना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

भारतही १९७९ पासून त्याच कराराशी बांधील आहे. आपल्याकडे २००६चा वनहक्क कायदा आहे. तो सामूहिक हक्क मान्य करतो व ग्रामसभेला अधिकार देतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये असा सामूहिक वनहक्क मिळवला. धुळे जिल्ह्यातील साक्रीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि पुढेही पठारे, गायराने, वनजमिनी मागितल्या जातील. तेव्हा आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी अभियंता असेल, कोणी तलाठी किंवा वकील, तर कोणी ग्रामसभेत बसलेला गावकरी.

त्या सर्वांनी कामाचा क्रम लक्षात ठेवावा, एवढेच आमचे सांगणे आहे. आधी तेथील लोकांचे हक्क नोंदवावेत, मग त्यांची संमती विचारावी, मग जागा ठरवावी आणि शेवटी पाया खणावा. फोसेनमध्ये पाया आधी खणला गेला आणि न्याय मागून आला. न्याय मागून आला की त्याच्या हाती बहुधा भरपाईच उरते.