भूत भिंतीत शिरलं, आता काय?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पटावर लढाई रंगात आलेली असते. आणखी एक घाव बसला की भूत संपणार, आणि नेमका तेव्हाच खेळ चालवणारा डीएम म्हणतो, "भूत भिंतीतून पलीकडे गेलं." टेबलाभोवती एकच गलका होतो: हा रडीचा डाव आहे! वास्तविक या पळण्याची किंमत नियमांनीच ठरवून दिली आहे. डीएम ती वसूल करायला विसरतो, म्हणून खेळणारे चिडतात. खालचा हिशेब २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचा आहे.

पट हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या पडक्या गढीचा आहे असं धरू. पटावरचं एक घर म्हणजे पाच फूट, आणि गढीची भिंतही एक घर जाडीची. भुताचा वेग ४० फूट, म्हणजे आठ घरं. भिंतीतून जाता येतं, पण भिंतीतलं प्रत्येक घर त्याला दुप्पट पडतं. भिंतीला खेटून उभं असलेलं भूत ती ओलांडेल तेव्हा दोन घरांची चाल खर्च झालेली असेल. पलीकडे पळायला सहा उरतील. भिंत चार घरं जाडीची असेल तर आठही घरांची चाल आतच संपते. आणि पाळी भिंतीच्या पोटात संपली, तर दहा बाजूंच्या फाशावर जेवढे पडतील तेवढे हिट पॉइंट जातात. भुताचे सरासरी हिट पॉइंट ४५. तेव्हा भिंतीत दडून बसणं त्याला फार काळ परवडत नाही.

(खरोखर विनासायास आरपार जाणारं काही हवं असेल, तर याच जिल्ह्यात औंढा तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा ज्या गुरुत्वीय लहरी टिपणार, त्या अख्ख्या पृथ्वीतून जातात आणि त्यांचा वेगही निम्मा होत नाही.)

आता खरी मेख. शत्रू तुमच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडू लागला की रिअ‍ॅक्शन वापरून एक फुकटचा वार करता येतो. त्याला अपॉर्च्युनिटी अटॅक म्हणतात. अटी दोन: शत्रू तुम्हाला दिसत हवा, आणि तो टप्प्यातून बाहेर पडत हवा. वार होतो तो बाहेर पडण्याच्या अगदी आधी. त्यामुळे तुम्ही कुठे उभे आहात यावर सगळं ठरतं. तुम्ही, मग भूत, मग भिंत अशी सरळ ओळ असेल, तर भिंतीत पहिलं पाऊल टाकतानाच ते तुमच्या टप्प्याबाहेर जातं. त्या क्षणी ते डोळ्यांसमोर असतं, म्हणून वार मिळतो. पण तुम्हीही भिंतीला पाठ लावून भुताच्या शेजारी उभे असाल, तर भिंतीतलं ते घर तुमच्यापासून तिरकं एकच घर लांब, म्हणजे अजून टप्प्यातच. तिथून ते पुढे सरकतं तेव्हा मधे दगडमाती असते. दिसत नाही, म्हणून वार नाही. भिंतीशी त्याची वाट अडवायला गेलेला योद्धाच संधी घालवतो. एक घर मागे, समोरासमोर उभं राहणं केव्हाही चांगलं. भुताने आपली अ‍ॅक्शन खर्चून डिसएंगेज केलं तर मात्र हा वार कोणालाच मिळत नाही.

भूत आत गेल्यावरही हात चोळत बसायचं कारण नाही. आपल्या पाळीत रेडी ही अ‍ॅक्शन घ्या आणि अट बोलून दाखवा: "भूत भिंतीबाहेर आलं की मारतो." मग त्याच्या पाळीतही तुमचा वार होईल, पण एकच, एरवी दोन-दोन वार करणाऱ्यालाही एकच. जादूगाराकडे वॉल ऑफ फोर्स असेल तर प्रश्नच मिटला. त्या भिंतीतून भूतसुद्धा जात नाही.

झॉर्नची गोष्ट वेगळी. हा रत्नं खाणारा प्राणी खडकातून सरकतो आणि मागे बोगदा राहत नाही, म्हणून पाठलाग अशक्य. पण खडक जादूचा नसावा आणि घडवलेलाही नसावा. औंढा नागनाथाच्या देवळासारखा चिऱ्यांचा कोट त्याला बंद. याउलट शेतातली विहीर घ्या. वरचा बांधीव भाग त्याला अडवील. खाली मुरूम आणि त्याखालचा काळा पाषाण लागला की तो मोकळा. म्हणजे झॉर्नला विहिरीच्या तळाशी गाठलंत तर तो निसटलाच म्हणून समजा. गढीच्या मातीच्या भिंतीबद्दल वाद होईल, कारण माती नैसर्गिक, पण भिंत माणसाने रचलेली. माझा कौल स्पष्ट आहे: रचली म्हणजे घडवली, झॉर्नला मज्जाव. अंबर हल्क त्या मानाने सरळ गडी. तो खडक पोखरतो तो निम्म्या वेगाने, पाळीला १० फूट, आणि मागे पाच फूट रुंद, आठ फूट उंच बोगदा सोडतो. खुशाल मागे लागा.

डीएमने पट मांडतानाच प्रत्येक भिंत कशाची आणि किती जाड हे कागदावर लिहून ठेवावं, आणि खेळणाऱ्यांनी विचारलं तर सांगून टाकावं. लढाई सुरू झाल्यावर ठरवलेली जाडी कोणी मानत नाही.