जहाजापासून गोदामापर्यंत

४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये भारताचे अन्नमंत्री स. का. पाटील आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एका करारावर सह्या केल्या. चार वर्षांत १६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारताला मिळणार होता, आणि तोही डॉलर न मोजता, रुपयांत. मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणवले जाणारे पाटील यांनी ज्या संयुक्त महाराष्ट्राला कडाडून विरोध केला, ते राज्य त्या दिवशी अवघं तीन दिवसांचं होतं. हा जाता जाता सांगण्यासारखा योगायोग. खरा मुद्दा असा की या करारामुळे दिल्ली निर्धास्त झाली. पाऊस पडो न पडो, रेशनच्या दुकानात गहू येत राहणार होता.

हा करार ज्या कायद्याखाली झाला, तो ‘पीएल ४८०’ या नावाने आपल्याकडे ओळखला जाणारा कायदा अमेरिकेने १९५४ मध्ये केला. तिथल्या शेतकऱ्यांकडे गव्हाचे ढीग पडून होते आणि आपल्याकडे पोटं रिकामी होती, म्हणून सौदा दोघांच्याही सोयीचा ठरला. पण स्वस्त आयात गहू शहरात उतरू लागला, तसा देशातल्या धान्याचा भाव दबला. शेतकऱ्याने खत घालून, विहीर खणून दोन पोती जास्त काढावीत, असं त्या भावात काही नव्हतं. योजनाकारांचं लक्ष पोलाद आणि धरणांकडे होतं. धरणं झाली, पण शेतकऱ्याला भाव कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला.

१९६५ मध्ये पाऊस गेला. धान्याचं उत्पादन १९६४-६५ च्या ८९४ लाख टनांवरून पुढच्या वर्षी ७२३ लाख टनांवर घसरलं. त्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं आणि नेमका तेव्हाच अमेरिकेने हात आखडता घेतला. अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार करायचं नाकारलं आणि गहू महिन्या-दोन महिन्यांच्या हप्त्यांत सोडायला सुरुवात केली. पुढे व्हिएतनामवर दिल्ली काय बोलते, यावर जहाजं लवकर निघतात की उशिरा, हेही ठरू लागलं. १९६६ या एका वर्षात आपण १०० लाख टनांहून अधिक धान्य बाहेरून आणलं. जहाज बंदराला लागलं नाही तर चूल पेटणार नाही, अशी गत होती. पंतप्रधान शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, ते या काळात. त्या उपासाच्या आठवणी आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. मला मात्र वाटतं, कौतुक करायचं तर त्यामागे मुकाट्याने चाललेल्या खटाटोपाचं करावं, कारण उपासाने देश किती दिवस तगणार?

तो खटाटोप चिदंबरम सुब्रमण्यम यांचा. १९६४ मध्ये शास्त्रींनी त्यांच्याकडे अन्न आणि शेती खातं दिलं. दिल्लीत तेव्हा कुणाला नको असलेलं हे खातं होतं. त्यांनी जानेवारी १९६५ मध्ये दोन संस्था उभ्या केल्या. एक कृषी मूल्य आयोग, ज्याचे पहिले अध्यक्ष मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक एम. एल. दांतवाला. दुसरी भारतीय अन्न महामंडळ. आयोगाने भाव सांगायचा आणि महामंडळाने त्या भावाने माल उचलायचा. मेक्सिकन बियाणं, खत आणि पाणी यांच्या गोष्टी शाळेच्या पुस्तकात येतात आणि त्या खऱ्याच आहेत. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं गेलं. सुब्रमण्यम यांनी स्वतःच्या सरकारी बंगल्यातलं हिरवळीचं मैदान नांगरून तिथे ते पेरून दाखवलं. पण बियाणं महाग, खत महाग आणि पीक हाती येईपर्यंत जीव टांगणीला. असा जुगार शेतकरी खेळतो तो कुणीतरी काटा लावून बसलंय आणि ठरल्या भावाने पोतं उचलणार आहे, या भरवशावर.

मंत्रिमंडळात हे सहज पटलं नव्हतं. खत-बियाण्यावर परकीय चलन उधळायला अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा विरोध होता. याने बडे शेतकरी गब्बर होतील, असं डावे म्हणत होते, आणि ते अगदीच चूक नव्हते. त्यात नोव्हेंबर १९६५ मध्ये रोमला सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांची भेट झाली आणि शेतीधोरणात काय काय बदलायचं, याची यादीच लिहून झाली. म्हणजे अमेरिकेवरचं अवलंबित्व संपवणारा कार्यक्रम अमेरिकेच्या दबावाखालीच कागदावर आला. टीकाकारांनी याला शरणागती म्हटलं. मला ते पटत नाही. यादीतल्या बहुतेक गोष्टी सुब्रमण्यम यांना आधीपासूनच करायच्या होत्या. त्यांनी दबावाचा उपयोग घरातला विरोध मोडायला करून घेतला. अहमदनगर जिल्ह्याचे अण्णासाहेब शिंदे याच खात्यात होते. सुब्रमण्यम खात्यातून गेल्यावरही शिंदे १९७७ पर्यंत तिथेच राहिले आणि धोरणाची घडी मोडू दिली नाही. मराठी माणसाला यशवंतराव आठवतात, अण्णासाहेब सहसा आठवत नाहीत.

निकाल आला तो १९६८ च्या उन्हाळ्यात. १९६५-६६ मध्ये १०४ लाख टन असलेला गहू १९६७-६८ मध्ये १६५ लाख टन झाला आणि १९७०-७१ पर्यंत २३८ लाख टनांवर पोचला. पंजाबात माल ठेवायला जागा पुरेना, तेव्हा शाळांच्या इमारती रिकाम्या करून पोती रचली गेली. हे सगळं घडवणारे सुब्रमण्यम मात्र १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत पडले होते.

१९७१ अखेर सरकारने सवलतीचा गहू घेणं बंद केलं. गव्हापोटी अमेरिकेच्या खात्यात साठलेल्या रुपयांचा हिशेब उरला होता. त्यातला मोठा भाग, सुमारे १,६६४ कोटी रुपये, फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी एका धनादेशाने भारत सरकारला परत केला. एवढ्या मोठ्या रकमेचा धनादेश तोवर कुणी लिहिला नव्हता. त्याच सुमारास सरकारने एक आचरटपणाही केला. एप्रिल १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने पूर्णपणे आपल्या हातात घेतला. व्यापाऱ्याला बाजूला सारलं, पण त्याची कामं करणारी यंत्रणा नव्हती. गहू बाजारातून गडप झाला, सोव्हिएत रशियाकडून २० लाख टन गहू उसना आणावा लागला आणि वर्षाच्या आत निर्णय मागे घेतला गेला. भरवशाचं गिऱ्हाईक होणं आणि एकमेव गिऱ्हाईक होणं, यातला फरक दिल्लीला असा कळला.

इकडे महाराष्ट्रात १९७२ उजाडलं होतं. धान्यात देश स्वावलंबी झाल्याच्या बातम्या ज्या वर्तमानपत्रांत येत, त्यातच मराठवाड्यातल्या आटलेल्या विहिरींचे फोटो असत. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी १९६५ मध्ये शनिवारवाड्यासमोर, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं जाहीर सांगितलं होतं, आणि हायब्रीड ज्वारीने त्यांना बऱ्यापैकी हात दिलाही होता. पण सलग दुष्काळापुढे हायब्रीडचं काय चालणार? रेशनवर लाल मिलो आला. तो अमेरिकेतला ज्वारीचाच भाऊबंद. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. तो काळ पाहिलेल्या कुठल्याही आजीला विचारा, मिलो म्हटलं की तोंड वाकडं होतं. सरकारने काढलेल्या दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची. बायका खडी फोडत आणि मुलं पाटीतली माती वाहत. संध्याकाळी मुकादम मस्टरवर हजेरी लावी. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती.

या कामांना कायद्याचा आधार देण्याचं श्रेय वि. स. पागे यांचं. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांनी सांगली जिल्ह्यात आधी छोटा प्रयोग करून पाहिला, मग रोजगार हमी योजना उभी केली. पुण्यातले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनीही १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर लिहिताना गरिबांना कामाची हमी द्यावी, असं मांडलं होतं. योजनेचा कायदा १९७७ चा. पैशासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. आजही पगाराच्या पावतीवर तो कापलेला दिसतो आणि तो कशासाठी सुरू झाला, हे कापून घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गोदामात धान्य असलं तरी ते विकत घ्यायला हातात पैसा नसेल, तर स्वावलंबनाचा उपयोग काय, हे या राज्याने देशाच्या आधी ओळखलं. दिल्लीला तसा कायदा करून तो धडा गिरवायला २००५ साल उजाडावं लागलं.

गोदाम आणि माणूस यांच्यामधलं अंतर कापायला सरकारला फार वेळ लागला. १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेवरून रेशनमध्ये वाटे पाडले गेले, १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी कार्डं आली. पिवळं कार्ड मिळवण्यासाठी तलाठ्यापासून पुरवठा निरीक्षकापर्यंत किती जणांचे हात ओले करावे लागत, याचा हिशेब कुठल्याच अहवालात नाही. २००१ मध्ये अन्न महामंडळाची गोदामं भरून वाहत होती, पोती उघड्यावर ताडपत्रीखाली सडत होती आणि राजस्थानात लोक उपाशी होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. देशभरातल्या शाळांत शिजवलेलं जेवण मिळू लागलं, ते त्याच खटल्यातल्या आदेशाने. २०१३ मध्ये अन्न सुरक्षा कायदा आला. माणशी पाच किलो धान्य, तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरड धान्य एक रुपया. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट.

रेशन दुकानात अंगठा लावून ओळख पटवणारं ई-पॉस यंत्र आल्यापासून दुकानदाराला कागदावरची खोटी नावं चालवता येत नाहीत, ही मोठी सुधारणा आहे. पण दुकानासमोरच्या रांगेत धुणीभांडी करणारी एखादी बाई असतेच, जिच्या अंगठ्याच्या रेषा घासून गेल्यात. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा लावते, यंत्र नाही म्हणतं, मागचे लोक कुरकुरतात. ‘उद्या या, रेंज नाही,’ हे वाक्य दुकानदाराच्या ओठांवर तयार असतं. कार्ड देशात कुठेही चालतं, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला दुसऱ्या जिल्ह्यात धान्य मिळतं, हे खरं. अंगठा उमटला तर.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सरकारने काटा लावला तो मुख्यतः गहू आणि भाताला, आणि तोही पंजाब-हरियाणाकडे. शांता कुमार समितीने २०१५ मध्ये नोंदवलं की हमीभावाने सरकारी यंत्रणेला माल विकणारे शेतकरी जेमतेम सहा टक्के आहेत. बाकीच्यांसाठी हमीभाव म्हणजे वर्तमानपत्रातला आकडा. महाराष्ट्रात ज्वारीखाली एकेकाळी साठ लाख हेक्टरांच्या आसपास जमीन होती, आज त्याचा तिसरा हिस्सा मोठ्या मुश्किलीने भरेल. ज्या गावात भाकरीशिवाय जेवण होत नव्हतं, तिथे रेशनचा गहू आला आणि पोळ्या लाटल्या जाऊ लागल्या. एक रुपयातलं भरड धान्य कायद्यात होतं, दुकानात क्वचितच दिसलं.

तेलाचं तर अगदी १९६५ सारखं झालंय. १९८६ मध्ये तेलबियांसाठी खास मोहीम निघाली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खाद्यतेलाची आयात जवळजवळ संपली होती. १९९४ पासून आयात खुली झाली, शुल्क उतरत गेलं, पामतेल आलं. आज आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, वर्षाला दीडशे लाख टनांच्या आसपास. इंडोनेशियाने २०२२ मध्ये काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा आपल्या किराणा दुकानांत तेलाचे डबे कसे भाव खात होते, ते आठवा. आणि २०२४ च्या हंगामात लातूर-वाशीमकडचा शेतकरी ४,८९२ रुपये हमीभाव असलेलं सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकत होता. खरेदी केंद्रं उघडली, पण आधी ओलाव्याचं कारण निघालं. १२ टक्क्यांची अट १५ वर नेली, तोवर अनेकांनी माल व्यापाऱ्याच्या काट्यावर घातला होता. मग बारदाना संपला. अमेरिकेच्या जहाजाची वाट पाहणारा देश साठ वर्षांनी गोणपाटाच्या पोत्यासाठी अडला.

तुरीची कथा तर आणखी बोलकी. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या पुढे गेली. सरकारने शेतकऱ्याला तूर लावायला सांगितलं, ५,०५० रुपये भाव जाहीर केला. त्याने लावली, विक्रमी पीक आलं. मग बाजारात भाव चार हजारांखाली गेला आणि केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. एप्रिल २०१७ मध्ये खरेदी थांबवली गेली, तेव्हा कित्येक जण पोत्यांवरच झोपून नंबराची वाट पाहत होते. पुढच्या काही वर्षांत तुरीचा पेरा घटला. मे २०२१ मध्ये सरकारने तुरीची आयात खुली केली आणि ती मुदत वर्षामागून वर्ष वाढवत नेली. २०२४-२५ मध्ये डाळींची आयात ७० लाख टनांच्या पुढे गेली. आफ्रिकेतला आणि म्यानमारमधला शेतकरी आपल्या धोरणावर विश्वास ठेवून तूर पेरतो, कळंब-औशातला ठेवत नाही. त्यात त्याचं काय चुकलं?

दरवर्षी जूनच्या आसपास खरिपाचे हमीभाव जाहीर होतात आणि मथळ्यांत फक्त वाढीचे रुपये येतात. यंदा ते वाचाल तेव्हा आपल्या आमदार-खासदारांना तीन गोष्टी विचारा: केंद्र कोणत्या तारखेला उघडणार, किती क्विंटल घेणार आणि चुकारा किती दिवसांत खात्यावर पडणार.