जलकुंभी काढा, पण औषध मारू नका



तलाव हिरवागार झाला की कोणीतरी विचारतंच, "औषध मारून टाकू का?" आमचं म्हणणं, नको. फवारलेली जलकुंभी (जलपर्णी) जागेवरच मरते, बुडते आणि कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात आणि सकाळी मेलेले तरंगतात. बीजाचे पैसे गेले, ठेकाही अंगावर.

मग करायचं काय?

पाणी कमी असतं तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी ते मे, काम उरका. फुलं यायच्या आत काढा, कारण बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वाऱ्याने ती एका काठाला गोळा होते, तिथूनच सुरुवात करा. जाड दोरीने वेढून होडीने काठाला ओढा आणि मुळांसकट उचला. तुटका तुकडाही परत वाढतो. उन्हाळ्यात एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होते, म्हणून थोडी राहिली तरी दर आठवड्याला फेरी मारा.

काढलेला ढीग काठावर ठेवू नका, पहिल्या पावसात परत पाण्यात जाईल. लांब खड्ड्यात शेणासोबत कुजवा. मात्र गटाराच्या पाण्यातली असेल तर गुरांना घालू नका, भाजीच्या खतालाही नको. शिसं, कॅडमियम ती शोषून घेते.

1982 मध्ये बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने जलकुंभी खाणारे निओकेटिना भुंगेरे भारतात आणले. तिथल्या तलावांत फरक पडला, पण त्याला वर्षं लागतात, आणि मध्येच औषध मारलं तर भुंगेऱ्यांचं खाद्यच जातं. ग्रासकार्प (गवत्या) पाण्याखालचं शेवाळ-गवत खातो, जलकुंभी मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका.

नागरवाड्यातल्या आपल्या मंडळींना एक खास सांगणं. विश्वामित्रीत जलकुंभीखाली मगर असू शकते. तिथे पाण्यात उतरायचं नाही. ते काम पालिका आणि वनखात्याला कळवा.

होडी आणि जाळं दुसऱ्या तलावावर न्यायच्या आधी झाडून, उन्हात वाळवून घ्या. आणि गटाराचं पाणी तलावात येत असेल तर तोंडी तक्रार नको. सगळ्यांच्या सहीचा लेखी अर्ज द्या. खत मिळतंय तोवर ती परत येणारच.